ग्रीक देवींच्या मातीच्या मूर्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयातल्या ग्रीक दालनात शिरलं की पाय आपोआप संगमरवराकडे वळतात. बाजूच्या कपाटात वीतभर उंचीच्या मातीच्या बायका रांगेने उभ्या असतात. कुणाच्या डोक्यावर उंच मुकुट असतो, कुणाच्या हातात डाळिंब, कुणाच्या कुशीत डुकराचं पिल्लू. त्यांच्यापुढे फारसं कुणी थांबत नाही. मी मात्र गेली कित्येक वर्षं त्याच कपाटापुढे रेंगाळतो आहे. या मूर्तींबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

या मूर्ती म्हणजे नेमकं काय?

भाजलेल्या मातीच्या छोट्या मूर्ती, म्हणजे मृण्मूर्ती. बहुतेक १० ते ३० सेंटिमीटर उंचीच्या. काही देवीच्या, काही देवीला भेटायला आलेल्या भक्तांच्या, काही नुसत्याच बायकांच्या, मुलांच्या, प्राण्यांच्या. ग्रीसची मुख्य भूमी, एजियन समुद्रातली बेटं, आजच्या तुर्कस्तानचा किनारा, दक्षिण इटली, सिसिली, सायप्रस असं जिथे जिथे ग्रीक बोलणारी माणसं राहिली, तिथे त्या सापडतात. देवळांच्या आवारात सापडतात, थडग्यांत सापडतात आणि घरांतही सापडतात.

त्या किती जुन्या आहेत?

यावर एक आकडा सांगता येत नाही, कारण ही परंपरा हजार वर्षांहून मोठी आहे.

मायसीनी या ग्रीसमधल्या कांस्ययुगीन राजवाड्यांच्या काळात, साधारण इ.स.पू. १४०० ते १२००, अगदी छोट्या, रेघारेघांनी रंगवलेल्या स्त्रीमूर्ती ढिगांनी बनत. हात छातीशी घेतलेली मूर्ती 'फाय' या ग्रीक अक्षरासारखी दिसते, हात वर केलेली 'प्साय'सारखी, आणि तिसरी 'टाउ'सारखी. आर्ने फुरुमार्क या स्वीडिश अभ्यासकाने १९४१ मध्ये त्यांना ही अक्षरांची नावं दिली, ती आजही चालतात. क्रीटमध्ये त्याच सुमारास दोन्ही हात वर उचललेल्या, चाकावर घडवलेल्या घागऱ्याच्या मोठ्या देवी होत्या. गाझी इथे सापडलेल्या देवीच्या मुकुटात अफूची बोंडं खोचलेली आहेत, आणि ती हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहे.

त्यानंतर राजवाडे पडले, लिपी विसरली गेली. इ.स.पू. ७व्या शतकात पूर्वेकडून, सीरियाच्या बाजूने, साच्याचं तंत्र आलं आणि मृण्मूर्तींची संख्या एकदम वाढली. इ.स.पू. ६व्या आणि ५व्या शतकांत सिंहासनावर ताठ बसलेल्या देवी सगळीकडे दिसतात. ४थ्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्या उभ्या राहतात, वळतात, वस्त्र सावरतात. रोमन काळातही हे काम चालूच होतं.

क्रीटची ती प्रसिद्ध 'सर्पदेवी' यातलीच का?

नाही. १९०३ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांना क्नोसॉसच्या राजवाड्यात सापडलेल्या त्या मूर्ती फायान्सच्या आहेत. म्हणजे गारगोटीचं पीठ भाजून त्यावर काचेसारखी झिलई आणलेलं साहित्य. माती वेगळी, तंत्र वेगळं, आणि गिऱ्हाईकही राजवाड्यातलं. आपण इथे बोलतो आहोत ते बाजारात सहज मिळणाऱ्या मूर्तींबद्दल.

त्या कशा बनवत?

सुरुवातीला हातानेच. मध्य ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतातल्या इ.स.पू. ६व्या शतकातल्या मूर्ती पाहा : पाटीसारखं चपटं अंग, चिमटीत धरून काढलेलं पक्ष्याच्या चोचीसारखं तोंड, डोक्यावर उंच टोप. खोदकाम करणाऱ्या स्थानिक मजुरांना तो टोप आपल्या पाद्र्यांच्या टोपीसारखा वाटला, म्हणून त्यांनी या मूर्तींना 'पापाडेस', म्हणजे पाद्रीबुवा, असं नाव ठेवलं. मूर्ती बाईची, नाव पाद्र्याचं, आणि अभ्यासकांनी तेच रूढ केलं.

साचा आल्यावर पद्धत बदलली. आधी मूळ नमुना घडवायचा. त्यावर ओली माती दाबून साचा घ्यायचा आणि तो भाजून पक्का करायचा. मग गाळून, मळून लोण्यासारखी केलेली माती साच्यात बोटांनी दाबून बसवायची. माती सुकते तशी आक्रसते आणि साच्यापासून आपोआप सुटते. पुढची बाजू अशी तयार झाली की मागे मातीची साधी पोळी लावून मूर्ती बंद करायची. पाठीला एक भोक ठेवायचं, नाहीतर भट्टीत आतली हवा आणि वाफ मूर्ती फोडते. पुढे पुढे पाठीलाही वेगळा साचा आला, डोकं आणि हात स्वतंत्र साच्यांतून काढून चिकटवू लागले. त्यामुळे एकच धड वेगवेगळी डोकी लावून, ती वेगवेगळी कलवून वापरता येई. एक मान जरा झुकवली, दुसरी मागे वळवली, की दोन मूर्ती तयार.

पोकळ मूर्तीच्या आत डोकावलं तर माती दाबणाऱ्या बोटांचे ठसे दिसतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या बोटांच्या रेषा. पुढची बाजू साच्याची, सगळ्यांची सारखी. आतली बाजू मात्र त्या एकाच दिवसाची, त्या एकाच हाताची.

एकसारख्या दोन मूर्तींत एक लहान का असते?

हा प्रश्न विचारणाऱ्याची नजर तयार झाली असं मी समजतो.

माती सुकताना आणि भाजताना साधारण दहा टक्के आक्रसते. प्रमाण मातीप्रमाणे कमीजास्त होतं. आता समजा, दुसऱ्या गावच्या कारागिराला ही मूर्ती आवडली. त्याच्याकडे मूळ साचा नाही. तो विकत घेतलेल्या मूर्तीवरच माती दाबून नवा साचा घेतो. त्यातून निघालेली मूर्ती मूळ मूर्तीपेक्षा लहान निघते, नाकडोळे किंचित बोथट होतात. तिच्यावरून पुढचा साचा घेतला की आणखी लहान. साचाही आक्रसतो हे सोडून दिलं आणि दर पिढीला दहाच टक्के धरले, तरी २० सेंटिमीटरची देवी १८ होते, मग १६.२, मग १४.६. चेहरा तोच, पण झिजत गेलेला. कारागीर मधेच नवा मुकुट लावतो, पुसट झालेले केस कोरणीने पुन्हा उठवतो, आणि त्यातून नवी शाखा फुटते.

अभ्यासक अशा मूर्ती मोजून त्यांची वंशावळ मांडतात. कोणत्या शहराने कुणाची नक्कल केली, साचे कोणत्या वाटेने फिरले, हे एका मोजपट्टीवर कळू शकतं. संगमरवराच्या एकुलत्या एका पुतळ्याकडून ही माहिती कधीच मिळणार नाही.

त्या अशाच विटकरी रंगाच्या होत्या का?

नव्हत्या. भाजण्याआधी मूर्तीवर पांढऱ्या मातीचा हात देत आणि भाजल्यानंतर रंग चढवत : गेरूचा लाल आणि पिवळा, मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून काढलेला गुलाबी, इजिप्शियन निळा, काजळीचा काळा. काही मूर्तींवर सोन्याचा वर्खही आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली 'निळ्या वस्त्रातली स्त्री' पाहिली की कपाटातल्या बाकीच्या मूर्तींकडे बघण्याची दृष्टीच बदलते. रंग भाजल्यानंतर दिलेला असल्यामुळे तो मातीत मुरत नाही, नुसता वर बसतो. म्हणून तो जमिनीखाली झडला. आणि जिथे टिकला होता, तिथे सापडल्यावर खसाखसा धुण्यात गेला. या दुसऱ्या नुकसानाचं मला अधिक वाईट वाटतं.

बनवणारे कोण होते?

त्यांना ग्रीकमध्ये 'कोरोप्लाथोस' म्हणत, म्हणजे 'मुली घडवणारा'. 'कोरे' या शब्दाचा अर्थ मुलगी, बाहुली आणि मूर्तीही. पर्सेफोनी देवीचं दुसरं नावही कोरेच.

मान मात्र नव्हता. अथेन्सचा वक्ता इसोक्रातीस स्वतःला कुणी क्षुल्लक वकील समजू नये म्हणून उदाहरण देतो, की हे म्हणजे अथेनाची मूर्ती घडवणाऱ्या फिडियासला कोरोप्लाथोस म्हणण्यासारखं झालं. त्या एका वाक्यात या कारागिरांची समाजातली पायरी कळते. काही जणांनी मात्र मूर्तीच्या पाठीवर नाव कोरलं. आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मिरिना इथे, जिथे एदमों पोतिए आणि सालोमों रेनाक यांनी १८८० ते १८८२ दरम्यान उत्खनन केलं, तिथल्या मूर्तींवर डिफिलोस हे नाव आढळतं. बाकीचे हजारो निनावी गेले.

मूर्ती कोणत्या देवीची हे कसं ओळखायचं?

हातात काय आहे ते आधी पाहा. शिरस्त्राण आणि छातीवर गॉर्गनचा, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीचा, चेहरा असेल तर अथेना. धनुष्य, हरिणाचं पाडस किंवा ससा असेल तर आर्टेमिस. कॉर्फू बेटावर कानोनी इथे अशा आर्टेमिसच्या मूर्तींचा मोठाच साठा १८८९ मध्ये मिळाला. मांडीवर किंवा शेजारी सिंह आणि हातात डफ असेल तर किबेली, ही आशिया मायनरकडची मातृदेवी. कबुतर आणि शिंपला असेल तर अफ्रोडाइट. मशाल आणि डुकराचं पिल्लू असेल तर डीमीटर किंवा तिची लेक.

पण फसगत इथेच होते. सर्वांत जास्त संख्येने सापडणारी मूर्ती म्हणजे सिंहासनावर बसलेली, डोक्यावर 'पोलोस' हा गोल उंच मुकुट घातलेली, हात गुडघ्यांवर ठेवलेली स्त्री. तिच्या हातात काहीच नसतं. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर ती सापडली तर अथेना, हेराच्या देवळात सापडली तर हेरा, डीमीटरच्या आवारात सापडली तर डीमीटर. कारागिराने 'देवी' घडवली, आणि कोणती ते विकत घेणारीने ठरवलं. ती जिथे ठेवली गेली, त्या जागेने तिला नाव दिलं.

म्हणूनच जागेची नोंद नसलेली मूर्ती हातात आली की जाणकारही फक्त 'बसलेली देवी' एवढंच लिहू शकतो.

कधी देवी, कधी भक्त. मग फरक काय?

पुष्कळदा फरक करता येत नाही, आणि तो करायलाच हवा असा हट्ट धरू नये असं माझं मत आहे. पाण्याची घागर किंवा पिल्लू घेऊन निघालेली तरुणी बहुधा भक्त असते. सिंहासनावरची बहुधा देवी. मधल्या शेकडो मूर्तींबद्दल वाद चालू आहेत. मूर्ती ठेवून जाणाऱ्या बाईला ती स्वतःही वाटली असेल आणि देवीही.

डुकराचं पिल्लू कशासाठी?

डीमीटर ही धान्याची देवी. तिची मुलगी पर्सेफोनी हिला पाताळाच्या राजाने, हेडीसने, पळवून नेलं. कथेत असं येतं, की जमीन दुभंगली तेव्हा जवळ चरणारी युबुलेअस या गुराख्याची डुकरंही त्या भेगेत गेली. 'थेस्मोफोरिया' हा या दोघी मायलेकींचा सण. अथेन्समध्ये तो शरद ऋतूत, पेरणीच्या तोंडावर, तीन दिवस चाले. त्यात पुरुषांना प्रवेश नव्हता. पिल्लं खोल खड्ड्यांत टाकली जात. त्यांचे कुजलेले अवशेष नंतर बायका वर काढत, वेदीवर ठेवत आणि ते बियाण्यात मिसळले तर पीक चांगलं येतं अशी श्रद्धा होती.

खरं पिल्लू महाग. मातीचं पिल्लू घेतलेली मातीची बाई स्वस्त, आणि ती कुजतही नाही. सिसिलीत गेला या गावाजवळ बितालेमी इथे बायकांचं असंच एक ठिकाण होतं. पिएरो ओर्लान्दिनी यांच्या उत्खननात तिथे वाळूत पुरलेली भांडी मिळाली, त्यांतली कित्येक मुद्दाम उपडी ठेवलेली, आणि त्यांच्याबरोबर या मूर्ती.

कॉरिंथच्या डोंगरउतारावरच्या डीमीटर आणि कोरेच्या देवळात हजारो मूर्तींबरोबर आणखी एक गोष्ट निघाली, जी पाहून मी चकित झालो : मातीची चिमुकली सुपं. धान्य पाखडायचं सूप, ग्रीकमध्ये 'लिक्नोन'. त्यात मातीच्याच इवल्या पोळ्या आणि वड्या मांडलेल्या. नैवेद्याचं ताट कायमचं भरलेलं राहावं म्हणून ते मातीत घडवून ठेवलेलं.

या मूर्तींचं विसर्जन होत असे का?

आपल्याकडचे वाचक हे हमखास विचारतात. नाही. त्या भाजलेल्या असल्यामुळे पाण्यात विरघळत नाहीत, आणि एकदा देवीला वाहिलेली वस्तू तिच्याच मालकीची झाली, ती आवाराबाहेर नेता येत नसे. फळ्या, कट्टे, कोनाडे मूर्तींनी भरून गेले की पुजारी जुन्या मूर्ती गोळा करून आवारातच खड्डा खणून पुरत. कधी त्या आधी मोडत, म्हणजे कुणी उचलून पुन्हा विकू नये. आज संग्रहालयांत जे आहे त्याचा मोठा भाग अशा खड्ड्यांतून आलेला आहे.

थडग्यांत त्या का ठेवत?

एकच उत्तर नाही. लहान मुलांच्या आणि तरुण मुलींच्या थडग्यांत त्या बऱ्याच मिळतात. ग्रीक मुली लग्नाआधी आपल्या बाहुल्या आर्टेमिसला वाहत. टिमारेता नावाच्या मुलीने डफ, चेंडू, केसांची जाळी आणि बाहुल्या देवीला दिल्याची एक छोटी ग्रीक कविता आपल्यापर्यंत पोचली आहे. जी मुलगी लग्नापर्यंत पोचलीच नाही, तिच्या बाहुल्या तिच्याबरोबर गेल्या असाव्यात, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

टानाग्राच्या मूर्ती देवींच्या आहेत का?

बहुतेक नाहीत. अंगभर वस्त्र गुंडाळलेल्या, हातात पंखा, डोक्यावर कधी टोकदार टोपी, अशा त्या मर्त्य स्त्रिया आहेत. काळ साधारण इ.स.पू. ३३० ते २००. ही शैली मुळात अथेन्समध्ये घडली, पण बिओशियातल्या टानाग्रा गावाच्या दफनभूमीत १८७० नंतर त्या इतक्या निघाल्या की नाव त्या गावाचंच पडलं. 'निघाल्या' म्हणजे लुटल्या गेल्या. ग्रीक पुरातत्त्व संस्थेने स्टामाटाकिस यांना तिथे पाठवेपर्यंत हजारो थडगी उकरून झाली होती. पॅरिस, लंडन, बर्लिनमध्ये त्यांची फॅशन आली, मागणी वाढली आणि पाठोपाठ नकली मूर्तींचे कारखाने निघाले.

पोटावर चेहरा असलेली ती विचित्र मूर्ती कोणती?

तिला बाऊबो म्हणतात. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रीनी इथल्या डीमीटरच्या देवळात १८९८ मध्ये जर्मन उत्खननात ती मिळाली : दोन पाय, आणि त्यांवर थेट एक मोठा हसरा चेहरा. मुलीच्या शोकात अन्नपाणी सोडलेल्या डीमीटरला जिने अंगविक्षेप करून हसवलं, ती ही बाऊबो, असं अभ्यासकांनी कथेवरून ठरवलं. दुःखात बुडालेल्या आईला हसवणारी बाई देवळात हवीच, हे त्या लोकांना कळलं होतं.

लोक्रीच्या पाट्या प्रसिद्ध आहेत, त्या काय?

इटलीच्या टाचेजवळ नव्हे, बोटांशी, कालाब्रियात लोक्री हे ग्रीक शहर होतं. तिथे पर्सेफोनीच्या देवळात मातीच्या उठावचित्रांच्या पाट्या टांगत, साधारण इ.स.पू. ४९० ते ४५०. पाओलो ओर्सी यांनी १९०८ पासून मानेल्ला इथे त्यांचे ढीग काढले. मुलीला रथातून पळवणं, सिंहासनावर शेजारी बसलेले पर्सेफोनी आणि हेडीस, हातात कोंबडा आणि कणसं, डाळिंबं तोडणाऱ्या मुली, आणि पेटीत घडी घालून वस्त्र ठेवणारी एक बाई. ही शेवटची पाटी माझी सगळ्यात आवडती. पाताळाच्या राणीसाठी केलेल्या कामात इतकं घरगुती दृश्य. लग्न म्हणजे एका घरातून उठून दुसऱ्या, अनोळखी घरात जाणं, हे लोक्रीच्या मुलींना पर्सेफोनीच्या कथेतून समजत असावं. या पाट्या रेज्जो कालाब्रियाच्या संग्रहालयात आहेत.

अशी मूर्ती विकत घ्यावी का?

घेऊ नका. खरी असेल तर बहुधा चोरीच्या खणण्यातून आलेली, खोटी असेल तर पैसे गेलेले. ऊष्मादीप्ती चाचणीने मातीची शेवटची भाजणी केव्हा झाली ते कळतं, आणि टानाग्राच्या कित्येक 'प्राचीन' सुंदऱ्या १९व्या शतकातल्या निघाल्या. पण चाचणी मूर्तीची जागा परत देत नाही.

जागेची किंमत काय असते याचं उदाहरण सिसिलीतल्या मोर्गान्तिनाचं. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने १९८५ मध्ये निळ्या कुरळ्या दाढीचं मातीचं एक मस्तक विकत घेतलं. पुढे मोर्गान्तिनात, डीमीटर आणि पर्सेफोनीच्या देवळाच्या जागी मिळालेली मातीची निळी कुरळी बट त्याच मस्तकाची असल्याचं सिसिलीतल्या अभ्यासकांनी ओळखलं. ते मस्तक हेडीसचं होतं, सासुरवाडीच्याच देवळातलं. २०१६ मध्ये ते सिसिलीला परत गेलं. बोटभर लांबीच्या बटेने त्याला नावही दिलं आणि घरही.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

थेट ग्रीक मृण्मूर्तींशी नाही. पण भूमध्य समुद्राशी व्यापार होता. इ.स. १ल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या ग्रीक मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, यांची नावं आहेत. तेरला सातवाहन काळातल्या पांढऱ्या चिकणमातीच्या, पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या पोकळ मूर्ती मिळाल्या. हे दुहेरी साच्याचं तंत्र रोमन व्यापाराबरोबर दख्खनेत आलं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या पाहता येतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळालेला समुद्रदेव पोसायडनही याच व्यापाराची खूण, पण तो काशाचा आहे.

या मूर्ती कुठे पाहाव्यात, आणि कशा?

अथेन्स, थीब्स, कॉरिंथ, हेराक्लिऑन इथली संग्रहालयं. ग्रीसबाहेर सिसिलीतलं सिराक्यूज, लूव्र, ब्रिटिश म्युझियम, बर्लिनचं आल्टेस म्युझियम आणि बोस्टन. आधी पाटीवर सापडल्याचं ठिकाण वाचा, मग चेहरा पाहा. कपाटाला मागून काच असेल तर वळसा घालून जा. पाठीचं भोक, घाईत थापलेली पोळी आणि ती सारखी करताना उमटलेली बोटं तिथे दिसतील.